लिनिअर प्रोबवरचा काळा पट्टा पुन्हा पुन्हा का येतो : मुलांच्या कॅज्युअल्टीतल्या सोनोग्राफी मशिनची तक्रार

तक्रार अशी असते : मुलांच्या कॅज्युअल्टीतलं पोर्टेबल सोनोग्राफी मशिन, त्याचा लिनिअर प्रोब (अंगावर टेकवायचा सरळ तोंडाचा भाग), आणि चित्रात वरून खाली उतरलेला काळा उभा पट्टा. कंपनीचा इंजिनिअर येतो, प्रोब बदलतो, कॉल म्हणजे दुरुस्तीची तक्रार बंद होते. तीन-चार महिने बरे जातात. मग पट्टा परत येतो. आमच्याकडे चौदा महिन्यांत हे तीनदा झालं. मी बायोमेडिकल विभागात, म्हणजे रुग्णालयातली यंत्रं सांभाळणाऱ्या विभागात काम करते. पहिल्या दोन वेळा मीही रजिस्टरला 'प्रोब सदोष, बदलला' असं लिहून सही केली होती. तिसऱ्या वेळी कॉल बंद करायला नकार दिला आणि कारण शोधायला बसले. त्यात जे सापडलं ते इथे लिहिते आहे, कारण इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांशी बोलताना हीच गोष्ट जवळपास याच शब्दांत ऐकू येते.

आधी हे सांगायला हवं की मोठ्यांच्या विभागात हाच पट्टा कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. साधारण लिनिअर प्रोबमध्ये सुमारे ३८ मिमी रुंदीत १२८ क्रिस्टल, म्हणजे आवाजाच्या लहरी पाठवणारे आणि परत ऐकणारे बारीक तुकडे, शेजारी शेजारी बसवलेले असतात. म्हणजे एका क्रिस्टलच्या वाट्याला जेमतेम ०.३ मिमी. चित्रातली एक रेघ एकटा क्रिस्टल काढत नाही, शेजारच्या क्रिस्टलांचा गट मिळून काढतो. खोलवर बघायचं असेल तर हा गट मोठा असतो, त्यात पाच-सहा मेलेले असले तरी बाकीचे सांभाळून घेतात. कातडीलगत बघायचं असेल तर गट लहान असतो, तिथे पाच-सहा गेले की चित्रात भोक पडतं. म्हणून हा पट्टा वर गडद आणि खाली जाताना फिका होत जातो. आता मुलांमध्ये आपण बघतो काय? तान्ह्या बाळाची घोट्याजवळची शीर जेमतेम २ मिमी, आणि तीही कातडीच्या अगदी खाली. छातीवर प्रोब ठेवला तर प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) एक-दीड सेंटिमीटरच्या आत. आठ सलग क्रिस्टल बंद असतील तर २.४ मिमीची आंधळी जागा तयार होते आणि अख्खी शीर त्यात लपते. जुलाबाने सुकलेलं आठ महिन्यांचं बाळ, दोन वेळा सुई मारून झालेली, तिसऱ्यांदा प्रोब लावून शीर शोधणारी डॉक्टर, आणि शीर नेमकी त्या पट्ट्यात. पट्टा किरकोळ आहे असं यापुढे मला कुणी सांगू नये.

आता तपासणी. यातलं बरंचसं रात्रपाळीच्या डॉक्टरला किंवा सिस्टरला बाळाजवळ उभं राहूनच करता येतं, त्यासाठी मला फोन करायची गरज नाही.

प्रोबवर हातमोजा किंवा कव्हर असेल तर आधी ते काढून बघा. मोज्याच्या आत जेल कमी पडलं की तिथे हवेचा फुगा राहतो, हवेतून आवाज पुढे जात नाही, आणि पट्टा दिसतो. रात्री येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार सर्रास असतो. आत भरपूर जेल, बोटाने फुगा बाजूला सारणं, आणि बाहेरून पुन्हा जेल, एवढ्यावर काम होतं.

मोजा काढूनही पट्टा असेल तर प्रोब जागेवरच १८० अंशांत उलटा फिरवा. पट्टा स्क्रीनवर दुसऱ्या बाजूला गेला तर तो बाळाच्या अंगातला आहे : बरगडीची सावली, आतड्यातला वायू, कातडीखालची हवा. स्क्रीनवर होता तिथेच राहिला तर दोष प्रोबमध्ये किंवा मशिनमध्ये आहे. या एका गोष्टीने निम्मे कॉल वाचतात. (लहान मुलांच्या बरगड्यांचा पुढचा भाग कूर्चेचा असतो, त्यातून आवाज बऱ्यापैकी आरपार जातो. त्यामुळे मोठ्यांसारखी ठळक सावली दिसली नाही तर गोंधळू नका.)

मग दुसरा प्रोब लावा. दुसऱ्या प्रोबवरही तशाच जागी पट्टा दिसला तर मशिनच्या आतलं बोर्ड संशयित. आधीचाच प्रोब दुसऱ्या पोर्टला (मशिनवरच्या प्रोब जोडायच्या खाचेला) लावल्यावर पट्टा गेला तर पहिल्या पोर्टचा संपर्क बघा. कनेक्टर काढताना-घालताना मशिनच्या मॅन्युअलप्रमाणे आधी चित्र फ्रीझ करा (थांबवा) किंवा मशिन बंद करा, आणि पिना तिरक्या झाल्या आहेत का ते टॉर्चने बघा. घाईत कनेक्टर वाकडा दाबून बसवला की एखाद-दुसरी पिन वाकते आणि चित्रात अगदी मेलेल्या क्रिस्टलसारखीच रेघ दिसते. त्याच वेळी केबल प्रोबच्या गळ्याजवळ आणि कनेक्टरच्या गळ्याजवळ हलकेच हलवून बघा. पट्टा लुकलुकला तर आतली तार तुटत आली आहे.

सगळ्यात उपयोगी चाचणी हवेतली. प्रोब स्वच्छ पुसून कोरडा करा, जेल लावू नका, कुठेही टेकवू नका. खोली ३-४ सेंटिमीटर ठेवा, गेन (चित्राचा उजळपणा) वाढवा. हार्मोनिक आणि कंपाउंड इमेजिंग या चित्र सुधारणाऱ्या सोयी दोन्ही बंद करा. हे विसरू नका, कारण कंपाउंडमध्ये मशिन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रं एकत्र करतं आणि मेलेल्या क्रिस्टलांची भोकं बुजवून टाकतं. आता स्क्रीनच्या वरच्या भागात प्रोबच्या कडेपासून कडेपर्यंत सरळ आडव्या पांढऱ्या रेघा दिसायला हव्यात. त्या जिथे तुटतात किंवा काळवंडतात तिथे दोष आहे. खात्री करायची असेल तर कागदाला लावायची साधी क्लिप घ्या, तिचा गोल वाकलेला भाग लेन्सवर अगदी हलक्या हाताने एका कडेकडून दुसऱ्या कडेला न्या. टोक लावू नका, चरा पडेल. क्लिपखाली एक पांढरा झोत क्लिपबरोबर सरकत जातो. जिथे तो मंदावतो किंवा नाहीसा होतो तिथले क्रिस्टल काम करत नाहीत.

एक बारकावा आहे. मेलेला क्रिस्टल आणि सुटलेला थर, हे दोन वेगळे आजार आहेत. लेन्स म्हणजे प्रोबच्या तोंडावरचं मऊ रबर, ते खालच्या थराला चिकटवलेलं असतं. ही चिकट सुटली की आत हवा शिरते आणि क्रिस्टल ठणठणीत असूनही त्याचा आवाज बाहेर पडत नाही. लेन्सच्या त्या जागी हलकं दाबल्यावर पट्ट्यात फरक पडत असेल, किंवा उजेडात तिरकं धरल्यावर लेन्सच्या कडेला फुगवटा, रंगबदल, बारीक भेग दिसत असेल, तर थर सुटल्याचा संशय घ्या. आमचे तिन्ही प्रोब असेच होते. तिन्हींची सुरुवात कडेकडून झाली होती, आणि इथेच मला पहिला धागा मिळाला. क्रिस्टल मरतात ते पडल्याने, आपटल्याने, कुठूनही. कडेकडून थर सुटत जातो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी द्रव कडेतून आत झिरपत असतो.

भेग दिसली तर तिथेच थांबा. चित्र चांगलं येत असलं तरी तो प्रोब बाळाला लावायचा नाही. भेगेतून जेल आणि द्रव आत जातं, वीजगळतीचा धोका असतो, आणि भेग जंतुनाशकाने नीट साफ होत नाही. प्रोबला लाल टॅग लावून तो बाजूला काढा. वरून गोंद किंवा टेप लावून रात्र काढण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

आता द्रव कोणता, हा प्रश्न. मी पंधरा दिवस ट्रॉलीला एक वही बांधून ठेवली. प्रोब कधी वापरला, कशाने पुसला, एवढे दोनच रकाने. नाव लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण नाव आलं की खरं लिहिलं जात नाही. दिवसपाळीत बहुतेक नोंदी 'वाइप्स' अशा होत्या. रात्री आठनंतर जवळजवळ प्रत्येक नोंदीत एकच शब्द : स्पिरिट.

यात कुणाचाही निष्काळजीपणा नव्हता. कंपनीने मान्य केलेले वाइप्स महाग म्हणून स्टोअरच्या कपाटात होते, कपाटाची चावी दिवसपाळीच्या इन्चार्ज सिस्टरकडे, आणि त्या संध्याकाळी घरी जायच्या. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात मात्र स्पिरिटची बाटली आणि कापूस कायम असायचा, सुई मारण्यासाठी. रात्रपाळीच्या एक सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, एका बाळाचा प्रोब दुसऱ्याला लावायचा तर पुसायला हवाच. हाताशी जे आहे त्यानेच पुसणार ना?" त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. न पुसता लावणं त्याहून वाईट.

पण स्पिरिट लेन्सला चालत नाही. वारंवार लागलं की लेन्सचं रबर कडक होतं किंवा फुगतं, कडेची चिकट सैल होते आणि थर उचलायला लागतो. काही प्रोबच्या प्लास्टिकच्या मुठीला आणि केबलला ७० टक्के आयसोप्रोपिल चालतं, पण लेन्सला नाही. काहींना कुठेच चालत नाही. प्रत्येक कंपनी मॉडेलनुसार चालणाऱ्या जंतुनाशकांची यादी देते. ती यादी मागवून घ्या, आपल्या प्रोबचा मॉडेल क्रमांक तिच्याशी जुळवा आणि मान्य असलेल्या वस्तूचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत ट्रॉलीवर लावा. इंग्रजी मॅन्युअल कपाटात असून काही होत नाही. हेही लक्षात ठेवा की रसायनामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत किंवा सीएमसीमध्ये (कंपनीबरोबरच्या देखभाल करारात) सहसा बसत नाही, आणि लिनिअर प्रोबची किंमत लाखांत असते.

दुसरा रस्ता माझ्या लक्षात उशिरा आला. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) किंवा अवघड शीर असेल तेव्हा कातडी क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने रंगवतात आणि ती ओली असतानाच उघडा प्रोब टेकवतात. म्हणजे वाइप्स बदलूनही स्पिरिट लेन्सला लागतच राहतं. अशा कामाला निर्जंतुक कव्हर आणि निर्जंतुक जेलची पुडी लागतेच, संसर्ग टाळण्यासाठी. प्रोब वाचतो तो वरचा फायदा. कातडी पूर्ण वाळू द्यायची, हेही मुळात जंतुनाशक नीट काम करावं म्हणून आहे.

जेलवरून आठवलं. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटल्या पुन्हा पुन्हा भरायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. बाटली न धुता वरून भर घालत राहिलं तर तिच्यात जंतू वाढतात. २०२१ साली अमेरिकेत बर्कहोल्डेरिया जंतूंनी दूषित झालेल्या अल्ट्रासाउंड जेलमुळे रुग्णांना संसर्ग झाले आणि ते जेल बाजारातून मागे घ्यावं लागलं. तिथे तर कारखान्यातूनच दूषित आलं होतं, आपण हाताने भरलेल्या बाटलीची काय खात्री देणार? नवजात बाळं, जखमा, सुईची कामं यांना एकदा वापरायची पुडी. बाकीच्यांना बंद बाटली, उघडल्याची तारीख लिहून, संपली की फेकून. बाळाला गार लागतं म्हणून बाटली गरम पाण्यात बुडवून ठेवू नका. थोडं जेल मोज्यातल्या हातावर घेऊन ऊब द्या आणि मग लावा.

आम्ही केलं ते एवढंच. वाइप्सचा डबा ट्रॉलीला साखळीने बांधला आणि हिशेब माझ्या विभागाकडे घेतला, म्हणजे चावीचा प्रश्न उरला नाही. स्पिरिट आणि कापूस सुईच्या ट्रेमध्ये हलवला, सोनोग्राफीच्या ट्रॉलीवरून काढला. पुसायची रीत सिस्टरांबरोबर बसून ठरवली : आधी कोरड्या मऊ कापडाने जेल पूर्ण काढायचं, कारण जेलच्या थरावरून जंतुनाशक काम करत नाही, मग वाइप, मग डब्यावर लिहिलेला वेळ तो ओला राहू द्यायचा, मग लेन्स कोरडी करून होल्डरमध्ये. आयाबाई आणि वॉर्डबॉय मामांनाही हे दाखवलं, कारण पहाटे ट्रॉली पुसणारे तेच असतात. जुने प्रोब समोर ठेवून सुटलेला थर सगळ्यांना बोटाने चाचपायला दिला. तोंडी सांगून जे झालं नव्हतं ते त्याने झालं.

प्रोब पडण्याचाही बंदोबस्त करावा लागला. ट्रॉलीचा होल्डर मोठ्या कर्व्ह (गोलसर तोंडाच्या) प्रोबच्या मापाचा होता, बारीक लिनिअर प्रोब त्यातून निसटायचा. आत रबरी रिंग बसवली. केबल जमिनीवर लोळायची आणि झटका आलेल्या मुलाकडे धावताना ट्रॉलीचं चाक तिच्यावरून जायचं. कमरेच्या उंचीवर दोन हुक लावले. खर्च म्हणाल तर नगण्य.

पट्ट्यासोबत इतर काही तक्रारी याच नावाने येतात, त्या थोडक्यात सांगते. पूर्ण चित्र काळपट असेल तर बहुतेक वेळा आधी कुणीतरी मोठ्यांच्या पोटाचा प्रीसेट (आधी साठवलेलं सेटिंग) लावलेला असतो आणि खोली १५-१६ सेंटिमीटरवर असते. बाळाच्या छातीला ४-५ पुरते. 'बाळ छाती', 'बाळ शीर', 'बाळ पोट' असे प्रीसेट साठवून ठेवा. छातीच्या प्रीसेटमध्ये हार्मोनिक, कंपाउंड आणि चित्र गुळगुळीत करणारी फिल्टरं बंद ठेवा, कारण फुप्फुसात आपण ज्या ए-लाइन आणि बी-लाइन शोधतो त्या मुळात आभासी रेघा आहेत आणि ही फिल्टरं त्यांनाच दोष समजून पुसतात. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावल्यावर चित्रभर पांढरे ठिपके किंवा एकसारख्या रेघा धावत असतील तर मशिनचा प्लग काढून बॅटरीवर चालवून बघा. ठिपके गेले तर दोष वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये. सक्शन, वॉर्मर आणि सोनोग्राफी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतात तेव्हा हे हमखास होतं, मशिनला वेगळं सॉकेट द्या. मशिन तापून आपोआप बंद पडत असेल तर मागची जाळी बघा, धुळीने बुजलेली असते.

शेवटी एक गोष्ट, जी बाहेरदेशीच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. आपल्याकडे सोनोग्राफी मशिन १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली येतं, मग ते फक्त मुलांच्याच रुग्णालयात का असेना. त्यामुळे व्हेंटिलेटर किंवा मॉनिटर बिघडला की जसं कंपनीकडून दोन दिवसांसाठी स्टँडबाय मागवतो, तसं सोनोग्राफीचं होत नाही. मशिन बदलायचं, हलवायचं तर समुचित प्राधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला) आगाऊ कळवून नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसलेलं डेमो मशिन रात्रीपुरतंसुद्धा आणायचं नाही, कितीही अडचण असली तरी. हा कायदा मुलींना वाचवण्यासाठी आहे, त्यात पळवाट शोधू नये. पण याचा अर्थ असा की मशिन बंद पडलं तर ते बराच काळ बंद राहू शकतं. म्हणून प्रोब मरेपर्यंत थांबून चालत नाही, तो आजारी पडतोय हे आधी कळायला हवं.

त्यासाठी मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक प्रोबचं हवेतलं चित्र त्याच सेटिंगवर काढते आणि प्रोबच्या क्रमांकाने फोल्डरमध्ये ठेवते. मागच्या महिन्याचं आणि या महिन्याचं चित्र शेजारी ठेवलं की कडेची रेघ काळवंडायला लागलेली डॉक्टरांना बाळावर दिसण्याच्या खूप आधी दिसते. नवीन प्रोब आला की बॉक्समधून काढताच पहिलं चित्र काढा, इंजिनिअर समोर असतानाच. मूळ चित्र नसेल तर पुढे 'आधीपासूनच असं होतं' या वाक्याला आपल्याकडे उत्तर नसतं. ब्रेकडाउन कॉलमध्येही 'इमेज खराब' एवढंच लिहू नका. हवेतलं चित्र, पट्टा कोणत्या कडेला, किती रुंद, दुसऱ्या पोर्टला काय झालं, एवढं जोडा. इंजिनिअर योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि एक फेरी वाचते.

लिनिअर प्रोब बदलून आता अकरा महिने झाले, चित्रातल्या रेघा कडेपासून कडेपर्यंत सलग आहेत. कर्व्ह प्रोबच्या डाव्या कडेला मात्र गेल्या दोन महिन्यांत एक बारीक फिकी रेघ दिसते आहे, आणि केबल गळ्याशी वाकवली की ती थोडी गडद होते. त्याचा कॉल मी काल टाकला आहे, दोन्ही चित्रं जोडून.